शिनोळी आणि नेहरूनगर यांच्या मधोमध: बेळगावात भाड्याचं घर शोधताना

निपाणी, चिकोडी, हुक्केरी किंवा खानापूरकडून नोकरीसाठी बेळगावला येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला आधी एकच प्रश्न पडतो: राहायचं कुठं? शहरात भाडी वाढली आहेत, आणि स्वस्त घर बघत बाहेर सरकलं की पाणी, रस्ता नाहीतर कागदपत्रं आडवी येतात. आम्ही डिसेंबर २०२४ ते ऑगस्ट २०२५ या काळात निपाणीहून बेळगावला बिऱ्हाड हलवलं. या वाटेनं पुढं येणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं क्रमानं लिहीत आहोत.

आमची अडचण अशी होती. एकाची नोकरी शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत, म्हणजे बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर बाची ओलांडली की लागणाऱ्या चंदगड तालुक्यात, महाराष्ट्रात. दुसऱ्याची नोकरी नेहरूनगर भागातल्या रुग्णालयात, तीही शिफ्टची. मुलगी चौथीत जाणार होती. निपाणीहून रोज ये-जा करणं शक्य नव्हतं. महामार्गानं बेळगाव पंचाहत्तरेक किलोमीटर, मध्ये हत्तरगीचा टोल, त्यात सहापदरीकरणाच्या कामामुळं जागोजागी वळवलेला रस्ता. रात्री आठला शिफ्ट संपवून या रस्त्यानं रोज परतणं म्हणजे जिवाशी खेळ.

डिसेंबर हा बेळगावात घरं बघत फिरायचा महिना नव्हे. सुवर्ण विधानसौधमध्ये हिवाळी अधिवेशन असतं, आणि २०२४ साली त्याच्या पाठोपाठ १९२४च्या काँग्रेस अधिवेशनाच्या शताब्दीचा कार्यक्रम आला. लॉज भरलेले, मुख्य रस्त्यांवर बंदोबस्त. तो महिना आम्ही घरी बसून हिशेबाला दिला, आणि त्याचा फार उपयोग झाला.

हिशेब करताना नुसतं भाडं धरू नका. घर ठरतं त्या आठवड्यात एकदम जाणारी रक्कम वेगळी काढून ठेवावी लागते: अनामत, पहिल्या महिन्याचं भाडं, एजंटची दलाली, टेंपो आणि हमाली, शाळेची फी, करारपत्राचा खर्च. आम्ही यासाठी एक लाख रुपये बाजूला काढले होते आणि त्यातले थोडेच उरले. दरमहाचं भाडं दोघांच्या हातात पडणाऱ्या पगाराच्या चौथ्या हिश्श्याच्या आत बसवायचं, हेही तेव्हाच ठरवलं. कितीही चांगलं घर दिसलं तरी हा आकडा हलवायचा नाही असं ठरलेलं असलं की एजंटच्या बोलण्यात वाहवत जाणं होत नाही.

पेट्रोलचा हिशेबही आधीच करून ठेवा, कारण लोक इथंच फसतात. टिळकवाडीच्या पलीकडून शिनोळीला जायचं तर एका बाजूचं अंतर साधारण १७ किलोमीटर. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ८५० किलोमीटर. लिटरला ४५ चालणाऱ्या दुचाकीला १९ लिटर लागतात, म्हणजे तेव्हाच्या लिटरला १०३ रुपयांप्रमाणं साडेएकोणीसशेच्या आसपास. तेच अंतर १२ किलोमीटरवर आणलं तर महिन्याला पावणेचौदाशे. फरक सहाशे रुपयांचाही नाही. म्हणजे नुसत्या पेट्रोलसाठी दोन हजार जास्त भाडं देऊन जवळ राहण्यात अर्थ नाही. जवळ राहण्याची खरी कमाई वेळेची, आणि पावसाळ्यात अंग सुकं राहण्याची.

जानेवारीत भाग बघायला सुरुवात केली. टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर इथं शाळा, दवाखाने, बाजार सगळं हाताशी. मराठी वस्ती मोठी, रस्ते जुने पण रुंद. दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघर असलेल्या घराला आम्हाला पंधरा ते एकोणीस हजार सांगितले गेले. उद्यमबाग, मच्छे किंवा विद्यापीठाकडं नोकरी असेल तर हा भाग नाहीतर अनगोळ, मजगाव, पिरनवाडी ही बाजू सोयीची. पण आमच्या दोन्ही नोकऱ्या रुळांच्या पलीकडं. टिळकवाडीच्या रेल्वे गेटांपैकी तिसऱ्या गेटवर पूल झाला आहे, पण बाकी ठिकाणी गेट पडलं की थांबावं लागतं. लोहमार्गाचं दुपदरीकरण झाल्यामुळं एक गाडी गेली तरी समोरून दुसरी येईपर्यंत गेट उघडेलच असं नाही. सकाळी आठची शिफ्ट असणाऱ्यानं हा धोका रोज पत्करू नये. शहापूर, वडगाव, खासबागला भाडी कमी आहेत, पण नेहरूनगरला जाताना सगळं शहर आडवं पार करावं लागतं.

उत्तर बाजूला सदाशिवनगर, हनुमाननगर, कुवेंपूनगर, सह्याद्रीनगर हा पट्टा. नेहरूनगर इथून दहा-पंधरा मिनिटांवर. इथली भाडी तेव्हा तेरा ते सोळा हजार होती. पश्चिमेला गणेशपूर, हिंडलगा, विजयनगर. तिथं नऊ ते अकरा हजारांत तेवढंच घर मिळत होतं, आणि शिनोळीचा रस्ता दारातून. या दोन बाजूंना जोडणारा बॉक्साइट रोड हा आमच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा धागा ठरला. शहरात न शिरता हिंडलग्याच्या बाजूनं वेंगुर्ला रस्त्याला लागता येतं. दोन नोकऱ्या दोन दिशांना असतील तर आधी असा जोडरस्ता शोधा. नकाशावर बरोबर मधलं ठिकाण काढून उपयोग नाही, कारण बेळगावात मधलं ठिकाण म्हणजे चन्नम्मा चौक आणि बसस्टँडची गर्दी.

कंग्राळी बुद्रुकही बघितलं. घरं नवी, भाडं बेताचं. पण बाजार समितीचं आवार त्याच रस्त्यावर, आणि बुधवारी-शनिवारी कांदा-बटाट्याच्या सौद्याला येणाऱ्या ट्रकांची रांग लागते. आठवड्यातले बाकीचे दिवस रस्ता मोकळा असतो, त्यामुळं मंगळवारी घर बघून गेलेल्याला याचा पत्ताच लागत नाही.

मग तिसरा पर्याय, ज्यावर आम्ही सर्वांत जास्त विचार केला: सीमा ओलांडून शिनोळीतच राहावं का? तिथं दोन खोल्या पाच-सहा हजारांत मिळत होत्या आणि एकाची नोकरी पायी अंतरावर येत होती. सीमाभागात हा प्रश्न अनेकांना पडतो, म्हणून सविस्तर लिहितो. सीमेपलीकडं दहा पावलं टाकली तरी राज्य बदलतं, आणि त्याबरोबर अर्धी कागदपत्रं बदलावी लागतात.

गाडीचं बघा. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथं नव्यानं नोंदवावी लागते. त्यासाठी जुन्या आरटीओचा ना-हरकत दाखला, नव्या राज्यात गाडीच्या वयाप्रमाणं कर, आणि जुन्या राज्यात भरलेल्या आजीवन करातला उरलेला भाग परत मिळवायला वेगळा अर्ज. राज्यातल्या राज्यात बिऱ्हाड हलवलं तर एवढं करावं लागत नाही. चिकोडीचा के. ए. २३ क्रमांक तसाच राहतो, फक्त तीस दिवसांच्या आत नोंदणी पुस्तकावरचा पत्ता बदलून घ्यायचा.

बसचं बघा. कर्नाटकात जून २०२३पासून शक्ती योजनेखाली साध्या बसमधून महिलांना मोफत प्रवास आहे, पण ओळखपत्रावर कर्नाटकचा पत्ता लागतो. महाराष्ट्रात एस. टी.मध्ये महिलांना अर्धं तिकीट आहे, ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. रोज शिनोळीहून नेहरूनगरला जाणाऱ्या बाईला या दोन सवलतींच्या मधोमध उभं राहावं लागतं. आणि आम्ही हे तपासत असतानाच फेब्रुवारी २०२५च्या शेवटच्या आठवड्यात तणाव होऊन दोन्ही राज्यांमधली बससेवा काही दिवस विस्कळीत झाली. २०२२च्या डिसेंबरातही असंच झालं होतं. सीमेपलीकडं नोकरी असणाऱ्यानं अशा दिवसांसाठी दुसरी सोय ठरवून ठेवायलाच हवी: बाचीपर्यंत इकडची बस किंवा वडाप (खासगी प्रवासी जीप), तिथून पुढं पायी किंवा कुणा सहकाऱ्याची गाडी. रुग्णालयात काम करणाऱ्याला ‘आज बस नव्हती’ म्हणून चालत नाही. त्यामुळं सीमा ओलांडायचीच तर ती कंपनीत दिवसपाळी असणाऱ्यानं ओलांडावी, असं आम्ही ठरवलं.

मुलांच्या शिक्षणाचं गणित तर आणखी लांबचं. कर्नाटकच्या सीईटीतून सरकारी कोट्याची जागा हवी असेल तर सर्वसाधारण नियमाप्रमाणं पहिली ते बारावीतली किमान सात शैक्षणिक वर्षं कर्नाटकात झालेली लागतात. दुसरीकडं, महाराष्ट्र सरकार आपला दावा असलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना तिथल्या अभियांत्रिकीसारख्या प्रवेशांत वेगळ्या प्रकाराखाली संधी देतं. निपाणी आणि बेळगाव दोन्ही त्या दाव्यात येतात. म्हणजे बेळगावात राहून दोन्ही दारं उघडी राहतात. चौथीतल्या मुलीसाठी आत्ताच हे कशाला, असं वाटेल. पण एकदा शाळा बदलली की चार-पाच वर्षं कशी जातात कळत नाही, आणि मग वर्षं मोजायची वेळ येते. शिनोळीचं घर आम्ही सोडलं त्यामागं हे सर्वांत मोठं कारण होतं.

उरले हिंडलगा-विजयनगर आणि बॉक्साइट रोडचा पट्टा. मार्चमध्ये आम्ही दोन्हीकडून कामाच्या वेळेला प्रत्यक्ष गाडी चालवून बघितली: सोमवारी सकाळी साडेआठला, शनिवारी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी, आणि रात्री आठनंतर, दिवे कुठं नाहीत हे बघायला. रात्रीची फेरी चुकवू नका. शिफ्टवरून परतताना एखादा वळणाचा तुकडा अंधारात असेल तर ते घर कितीही स्वस्त असो, कामाचं नाही. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवावं लागतं आणि रात्री ते वाढतं, हेही धरून चाला. शहर बसच्या बहुतेक फेऱ्या सीबीटीवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्टँडवरून, सुटतात, त्यामुळं हिंडलग्याहून नेहरूनगरला बसनं जायचं तर सीबीटीवर बदलावी लागते. वेंगुर्ला रस्त्यावर आणखी पुढं, सुळगा-उचगावकडं, घर बघणार असाल तर तुरमुरीचा कचरा डेपो कुठं आहे आणि वारा कुठून वाहतो, एवढं विचारून घ्या.

आता पाणी. भाड्याच्या जाहिरातीत ‘चोवीस तास पाणी’ असं लिहिलेलं असतं, त्याचे बेळगावात तीन वेगवेगळे अर्थ होतात. शहराला राकसकोप जलाशयातून आणि हिडकलहून पाणी येतं. काही वॉर्डांत २००८पासून चोवीस तास पाण्याची योजना राबवली गेली. तिथं नळ केव्हाही सोडा, पाणी येतं आणि मीटरवर बिल येतं. बाकी भागात ठरावीक दिवसांआड, ठरावीक वेळ पाणी सुटतं आणि ते साठवावं लागतं. तिसरा अर्थ म्हणजे घरमालकाची बोअर, जी मोटर चालू असेपर्यंत ‘चोवीस तास’. हिंडलग्याला शहराचं पंपिंग स्टेशन आहे म्हणून तिथल्या प्रत्येक घरात तेच पाणी येतं असं समजू नका. ग्रामपंचायत हद्दीतली व्यवस्था वेगळी असते आणि गल्लीगल्लीनं बदलते.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा घरमालकाला एवढं नेमकं विचारा: नळ महापालिकेचा की पंचायतीचा, किती दिवसांनी आणि किती वेळ पाणी येतं, मे महिन्यात काय होतं, संप (जमिनीखालची पाण्याची टाकी) किती मोठा आहे आणि तो किती कुटुंबांत वाटलेला आहे. मग उत्तर स्वतः मोजून बघा. संपाची लांबी, रुंदी, खोली फुटांत गुणा आणि २८ नं गुणा, लिटर मिळतात. सहा बाय पाच, खोली पाच, म्हणजे दीडशे घनफूट, साधारण ४,२०० लिटर. शहरी वापराचं प्रमाण माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. तीन माणसांना रोज चारशे लिटर. हा संप एका कुटुंबाला दहा दिवस पुरेल, पण तीन मजल्यांवर तीन कुटुंबं असतील तर तीन-साडेतीन दिवसच. पाणी आठ दिवसांनी येत असेल तर मधल्या दिवसांत टँकर ठरलेला, आणि त्याचे पैसे भाडोत्र्यांनी द्यायचे अशी अट करारात असते. हिंडलग्याच्या बाजूला आवडलेलं एक घर आम्ही केवळ या गुणाकारामुळं सोडलं. भाडं साडेनऊ हजार होतं, पण उन्हाळ्याचे चार महिने टँकर धरले की फरक बराच कमी होत होता, आणि टँकरची वाट बघण्याची कटकट वेगळीच.

बोअरचं पाणी असेल तर मोरीतल्या नळाच्या तोटीवर पांढरा थर आहे का बघा. तो असेल तर गीझरची कॉइल वर्ष-दोन वर्षांत जाणार, आणि प्यायच्या पाण्याचा खर्च वेगळा.

राकसकोपच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या भागात घर घेणाऱ्यानं मे-जूनमध्ये स्थानिक वर्तमानपत्रात रोज येणारी पातळी बघायची सवय लावावी. जलाशय पूर्ण भरला म्हणजे २,४७५ फूट. पातळी खाली जाऊ लागली की पाणी सोडण्याचे दिवस लांबतात, हे दोन-तीन आठवडे आधी कळतं.

पाण्यानंतर ओल. बेळगावचा पाऊस नैर्ऋत्येकडून वाऱ्यासकट येतो आणि थेट पश्चिमेच्या भिंतीवर आपटतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती भिंत सुकतच नाही. म्हणून इथं जुनी माणसं पावसाळ्याआधी पश्चिमेच्या भिंतीला पत्रे किंवा प्लास्टिक लावतात. घर बघताना कंपास नको, फक्त दुपारी चारला जा. ऊन ज्या भिंतीवर पडतं तीच पावसाची भिंत. त्या बाजूच्या खोलीत कपाट असेल तर ते थोडं पुढं ओढायला सांगा. मागं, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत, रंगाला फोड आलेले असतात, बोटानं दाबलं की पापुद्रा सुटतो आणि आत पिठासारखी पांढरी भुकटी निघते. ती मिठाची. म्हणजे भिंत दरवर्षी ओली होऊन सुकते. मार्च-एप्रिलमध्ये सगळं घर जुन्या रंगाचं आणि एकच भिंत ताजी रंगवलेली दिसली तर त्या भिंतीबद्दलच जास्त विचारा. वरच्या मजल्यावर असाल तर स्लॅबवर पत्र्याची शेड आहे का आणि तिचं तोंड कुठल्या बाजूला उघडं आहे, तेही बघा.

जमिनीचाही फरक पडतो. शहराच्या पश्चिमेला आणि उत्तरेला बरीचशी तांबडी जमीन, तर वडगाव-शहापूर-येळ्ळूरच्या शिवाराकडं काळी. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया नीट नसेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते आणि जुलैत दारं चौकटीत अडकतात. दार उघडझाप करून बघा, खालची कड रंधा मारून तासलेली दिसली तर कारण विचारा. त्या बाजूला राहणार असाल तर बळ्ळारी नाल्यापासून घर किती लांब आणि किती उंचावर आहे हे शेजाऱ्यांना विचारा. ऑगस्ट २०१९ला पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे त्या भागातला कुणीही हात करून दाखवतो.

एजंटनं एका महिन्याचं भाडं दलाली मागितली, बोलून अर्ध्यावर आलं. पण आम्हाला शेवटी मिळालेलं घर गेटवरच्या पाटीवरून मिळालं. सह्याद्रीनगरच्या बाजूच्या गल्ल्यांतून सावकाश गाडी चालवत फिरा, किराणा दुकानात आणि इस्त्रीवाल्याकडं विचारा. कोणतं घर रिकामं होणार हे त्यांना पाटी लागायच्या आधी माहीत असतं. खाण्यापिण्याबद्दल, पाहुण्यांबद्दल, गाड्या किती याबद्दल घरमालक पहिल्याच भेटीत विचारतात. खरं ते सांगा. मासे-मटण चालत नसेल तर ते घर आपलं नव्हे, लपवून राहण्यात रोजचा मनस्ताप आहे.

‘लीज’वर घर घ्या, असा आग्रह दोन ठिकाणी झाला. म्हणजे पाच-सात लाख एकरकमी द्यायचे, दरमहा भाडं नाही, आणि मुदत संपली की मुद्दल परत. ऐकायला हे छान वाटतं. पण ती रक्कम घरमालकानं खर्च केलेली असते आणि परतीच्या वेळी पुढचा लीजवाला मिळेपर्यंत थांबा म्हणतात. घरावर बँकेचं कर्ज असेल तर आपला हक्क मागं पडतो. कुणाला लीजच घ्यायची असेल तर आधी त्या मिळकतीचा बोजा दाखला काढावा, तो नोंदणी खात्याच्या कावेरी संकेतस्थळावरून मिळतो. खातं कुणाच्या नावावर आहे ते बघावं, आणि मुदत एक वर्षापेक्षा जास्त असेल तर करार नोंदणीकृतच करावा, कायद्यानं तो तसा लागतोच. आमची लीजची तयारी नव्हती, म्हणून भाड्याचंच घर धरलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सह्याद्रीनगरच्या बाजूला घर ठरलं: पहिला मजला, भाडं साडेतेरा हजार, अनामत साठ हजार, पाणी महापालिकेचं, संप दोन कुटुंबांत. करार नेहमीप्रमाणं अकरा महिन्यांचा, ई-स्टँपवर. मसुदा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतो. कन्नड वाचता येत नसेल तर इंग्रजीत करून मागा, किंवा जाणणाऱ्याकडून सही करण्याआधी ओळ न ओळ वाचून घ्या. यात कुणी वाईट वाटून घेत नाही. आम्ही चार गोष्टी मुद्दाम लिहून घेतल्या: सोडताना दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस, रंगापोटी अनामतीतून कापायची रक्कम आकड्यात, मोटर आणि टाकी दुरुस्तीचा खर्च कुणाचा, आणि अनामत किल्ली दिल्याच्या दिवशीच परत. अनामत बँकेतून पाठवली आणि तिचा क्रमांक करारात घातला. राहायला येण्याआधी प्रत्येक खोलीचे, मीटरचे आणि नळांचे फोटो काढून घरमालकालाही पाठवले. दोघांच्या फोनमध्ये एकच फोटो असले की पुढं वाद होत नाही. भाडोत्र्याची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची ती घरमालकानं दिली, त्यासाठी आमचे फोटो आणि आधारच्या प्रती लागल्या.

शाळेचं काम एप्रिलमध्येच उरकावं लागतं. कर्नाटकातल्या शाळा मे महिन्याच्या अखेरीस उघडतात, महाराष्ट्रापेक्षा पंधरा-वीस दिवस आधी. निपाणीच्या मराठी शाळेतून बेळगावच्या मराठी शाळेत जायचं तर मंडळ तेच, पुस्तकं तीच, कन्नडही आधीपासून शिकलेलं. अडतं ते एकाच ठिकाणी. जुन्या शाळेनं सॅट्स या विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदीच्या प्रणालीतून विद्यार्थी सोडल्याशिवाय नव्या शाळेला त्याला घेता येत नाही. दाखला हातात मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. सॅट्स क्रमांक दाखल्यावर आहे का आणि ऑनलाइन मुक्त केलं का, हे मुख्याध्यापकांच्या समोर बसूनच बघा, कारण मे महिन्यात शाळेच्या कार्यालयात माणूस सापडणं अवघड. महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आणावी, आणि मुलाला पहिल्या दिवसापासून कन्नड विषय असणार हे धरून सुट्टीतच अक्षरओळख करून घ्यावी.

मे महिन्यात सामान हलवलं. टेंपो आणि हमाली मिळून साडेनऊ हजार. दिवस निवडताना शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचा दिवस टाळा, शहरातले रस्ते रात्रभर बंद असतात. दुपारनंतर वळीव येतो, म्हणून टेंपो पहाटे भरून अकराच्या आत रिकामा करायचा. गाद्या आणि पुस्तकं शेवटी भरा, म्हणजे आधी उतरतात.

राहायला आल्यावर पहिलं काम वीजेचं. हेस्कॉम या वीज कंपनीच्या बिलावरचा आर. आर. क्रमांक, म्हणजे वीजजोडणीचा क्रमांक, आपल्या मजल्यासाठी स्वतंत्र आहे का, हे खरं तर करारापूर्वीच बघायचं. मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत भाडोत्र्यालाही लाभ मिळतो, पण त्या मीटरला आधीच्या भाडोत्र्याचं आधार जोडलेलं असेल तर ते आधी काढावं लागतं, मग सेवासिंधू या सरकारी संकेतस्थळावर आपला अर्ज. आधीच्या माणसाला फोन करून हे करून घ्यायला वेळ जातो. म्हणून घर सोडताना त्यांनी ते काढूनच जावं, असं घरमालकाला सांगून ठेवा. वापर २०० युनिटांच्या वर गेला तर त्या महिन्याचं पूर्ण बिल भरावं लागतं. दोन कुटुंबांत एकच मीटर असेल तर हे हमखास होतं.

गॅस त्याच कंपनीच्या दुसऱ्या वितरकाकडं वर्ग केला. जुन्या वितरकाकडून कागद घेताना पुस्तिका आणि रेग्युलेटर सोबत न्या. आधारवरचा पत्ता करारपत्रावरून बदलता येतो, पण करारात नाव आधारप्रमाणंच हवं. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर अर्ज परत येतो. मतदार यादीसाठी फॉर्म ८. नवीन नाव नोंदवायचा फॉर्म ६ भरू नका, नाहीतर दोन ठिकाणी नाव राहतं.

जुलै-ऑगस्टच्या पावसात शिनोळीचा फेरा पंचवीस मिनिटांचा पस्तीसवर गेला. नेहरूनगरला चौदा-पंधरा मिनिटं लागतात, पावसातही. पश्चिमेच्या भिंतीला घरमालकांनी जूनच्या आधी पत्रे मारून दिले, ते करारात नव्हतं पण किल्ली घेताना बोलणं झालं होतं. करार मार्चमध्ये संपतो. भाडेवाढीचं बोलणं जानेवारीतच काढायचं आमच्यात ठरलं आहे, कारण एप्रिल-मेमध्ये घर शोधणाऱ्यांची गर्दी असते आणि तेव्हा मालकाचं पारडं जड होतं. तुम्हीही अकरावा महिना उजाडायची वाट बघू नका.